उन्हाळ्यात ऑनलाइन मॉडर्न फिजिक्स: घ्यावं का, आणि घेतलंच तर कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व हे पहिले दोन पेपर झाले आहेत, कॅल्क्युलसही झालं आहे. पुढच्या सत्रात क्वांटम मेकॅनिक्स घ्यायचं आहे आणि त्यासाठी मॉडर्न फिजिक्स (सापेक्षता आणि क्वांटमची पहिली ओळख) आधी पूर्ण असावं लागतं. उन्हाळ्यात तो कोर्स 8 आठवड्यांचा, ऑनलाइन मिळतो आहे. दिवसाचा अर्धा वेळ नोकरी आहे. झेपेल का, आधी काय करून ठेवू, आणि प्रयोगशाळेत पाऊल न टाकता या विषयाला काही अर्थ आहे का?

मी हा विषय वर्गात बरीच वर्षं शिकवते आहे आणि उन्हाळी ऑनलाइन तुकड्याही पुष्कळ घेतल्या आहेत. उत्तर आधीच सांगून टाकते: झेपेल. पण कोर्स सुरू व्हायच्या आधीचे तीन आठवडे तू त्याला दिलेस तरच. का, ते सांगते.

आधी तासांचा हिशोब. वर्गातले 45 तास आणि प्रत्येक तासामागे घरचे दोन तास धरले, तर एकूण 135 तास होतात. नेहमीच्या 15 आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला 9 पडतात. 8 आठवड्यांत 17, आणि कुठे 6 आठवड्यांचा कोर्स असेल तर साडेबावीस. अर्धवेळ नोकरी सांभाळून 17 तास निघतात. साडेबावीस निघत नाहीत, निघतील असं पहिल्या आठवड्यात वाटतं एवढंच. त्यामुळे निवड असेल तर 6 आठवड्यांच्या वाटेला जाऊच नकोस.

पण खरी अडचण तासांची नाही. यांत्रिकी शिकताना तुझी अंतःप्रेरणा तुझ्या बाजूने असते. आयुष्यभर तू वस्तू ढकलल्या आहेस, फेकल्या आहेस. इथे तीच अंतःप्रेरणा वैरी होते. समीकरण सुटतं, उत्तर बरोबर येतं आणि तरी मन म्हणतं, हे काही खरं नाही. ते मन वळायला दिवस जावे लागतात, आणि मध्ये दुसरं काहीतरी करत असतानाच ते वळतं. वर्गात मी सापेक्षता शिकवते तेव्हा सगळे माना डोलावतात. दोन-तीन आठवड्यांनी, हायड्रोजनचा अणू चालू असताना, मागच्या बाकावरून हात वर येतो: "म्हणजे मला तुझं घड्याळ हळू, आणि तुलाही माझंच हळू? दोघंही बरोबर?" तो हात वर यायला लागलेले ते दोन-तीन आठवडे उन्हाळी कोर्समध्ये नसतात. तिथे तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. म्हणून म्हणते, मुरायला लागणारा वेळ आधीच काढून ठेव. बाकी सगळा सल्ला या एका गोष्टीतूनच निघतो.

आधीच्या तीन आठवड्यांत काय करायचं? क्वांटमवरची लोकप्रिय पुस्तकं किंवा श्रोडिंगरच्या मांजराचे व्हिडिओ नकोत. ते बघून मजा येते आणि गणित सोडवायला बसलं की काहीच उपयोग होत नाही. तीन गोष्टी कर: लाटा, थोडं गणित आणि सापेक्षतेची सुरुवात.

लाटा का, तर हा भाग बहुतेकांचा कच्चा राहिलेला असतो. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात लाटा सत्राच्या शेवटी येतात आणि घाईत उरकल्या जातात. मग पुढे "इलेक्ट्रॉनचं व्यतिकरण" (लाटा एकमेकींत मिसळून कुठे वाढणं, कुठे विरणं) हा शब्द आला की मुलांना वाटतं इलेक्ट्रॉन अवघड आहे. प्रत्यक्षात त्यांना व्यतिकरणच आलेलं नसतं. दोन फटींचा प्रयोग, पथभेद, दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेवरच्या स्थिर लाटा, आणि जवळजवळ सारख्या वारंवारितेच्या दोन लाटा मिळवल्या की काय होतं, एवढं हाताने करून बघ. तारेवरच्या स्थिर लाटा ज्याला नीट येतात त्याला पाचव्या आठवड्यातला "पेटीतला कण", म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकलेला कण, अर्ध्या तासात कळतो. चित्र तेच आहे, अक्षांवरची नावं बदलतात.

गणितात फार काही नको. संमिश्र संख्या आणि घातांकी रूपात लिहिलेले साइन-कोसाइन, स्थिर सहगुणकांचं दुसऱ्या कोटीचं विकलक समीकरण, संभाव्यता-घनतेवरून सरासरी आणि प्रमाण विचलन काढणं. आणि द्विपद विस्ताराचं पहिलं पद. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण अडवतं तेच. विमानाचा वेग सेकंदाला 250 मीटर धर आणि गॅमा (वेगामुळे काळ किती पट लांबतो तो सापेक्षतेतला आकडा) वजा एक काढायला कॅल्क्युलेटरवर बस. साधा कॅल्क्युलेटर शून्य दाखवेल, कारण उत्तर 10 चा उणे 13 वा घात या पातळीवर आहे. विस्तार वापरलास तर ते वेगाच्या वर्गाला प्रकाशवेगाच्या वर्गाच्या दुपटीने भागून एका ओळीत मिळतं: 3.5 गुणिले 10 चा उणे 13 वा घात. एवढासा फरक 1971 साली हाफेले आणि कीटिंग यांनी सिझियमची घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून मोजला होता. अर्थात त्यात गुरुत्वाकर्षणाचाही वाटा होता आणि तो वेगळा काढावा लागला.

आता सापेक्षता. हिच्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण उन्हाळी कोर्समध्ये ती पहिल्या दहा-बारा दिवसांत संपते आणि तिथे जो घसरतो तो पुढे सावरत नाही.

मुलं सूत्रं पाठ करतात: काळ गॅमा पट लांबतो, लांबी गॅमा पट आखडते. मग म्यूऑनचं उदाहरण येतं. म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, वातावरणात वर तयार होतो, त्याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी तेवढ्यात तो 660 मीटर जाईल, आणि जायचं आहे समजा 10 किलोमीटर. वेग प्रकाशाच्या 0.998 पट असेल तर गॅमा सुमारे 15.8. इथे दर वर्षी निम्मा वर्ग एकच चूक करतो: आयुष्य 15.8 पट वाढवतो आणि अंतरही 15.8 पट कमी करतो. दोन्ही एकदम! जमिनीवरच्या माणसासाठी म्यूऑनचं घड्याळ मंद आहे, पण 10 किलोमीटर हे 10 किलोमीटरच आहेत. म्यूऑन साधारण 10.4 किलोमीटर जाऊ शकतो. म्यूऑनच्या दृष्टीने त्याचं आयुष्य 2.2 मायक्रोसेकंदच आहे, पण वातावरणच 10 किलोमीटरऐवजी 630 मीटर जाडीचं आहे. हिशोब दोन्हीकडून जुळतो, मात्र एका वेळी एकाच चौकटीत उभं राहायचं असतं. म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधी लिही: "मी कुठे उभं राहून बोलते आहे?" मी स्वतः अजून लिहिते.

त्याहून खोल गाठ "एकाच वेळी" या शब्दांत आहे. 10 मीटरचा बांबू 0.6 प्रकाशवेगाने 8 मीटरच्या बोगद्यात शिरतो आहे असं धर. गॅमा 1.25. बोगद्याजवळच्या माणसाला बांबू 8 मीटरचा दिसतो, म्हणजे तो क्षणभर नेमका आत मावतो. त्या क्षणी तो दोन्ही दारं मिटून लगेच उघडतो. बांबूबरोबर जाणाऱ्याला मात्र बोगदाच 6.4 मीटरचा दिसतो. 10 मीटरचा बांबू 6.4 मीटरमध्ये? इथे वर्गात गोंगाट होतो. मग मी म्हणते, दारं एकाच वेळी मिटली हे कोणाच्या घड्याळाने? बांबूच्या चौकटीत पुढचं दार आधी मिटतं, मागचं 20 नॅनोसेकंदांनी. तेवढ्यात बोगदा 3.6 मीटर मागे सरकलेला असतो. 6.4 अधिक 3.6 किती, ते तूच बघ. हा हिशोब स्वतःच्या हाताने, आलेखाच्या कागदावर काळाचा अक्ष उभा काढून एकदा केला की सापेक्षतेतले निम्मे विरोधाभास आपोआप विरघळतात. व्हिडिओत तो कितीही सुंदर हलता दाखवला तरी हे होत नाही. का ते मलाही नीट सांगता येणार नाही, पण वर्षानुवर्षं बघते आहे.

सापेक्षता संपली की एककं बदल. ज्यूल, मीटर, किलोग्रॅम बाजूला ठेव; इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि नॅनोमीटर हातात घे. प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे 1240 इलेक्ट्रॉन व्होल्ट-नॅनोमीटर. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा 511 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट. हायड्रोजनची आयनीकरण ऊर्जा 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट. खोलीच्या तापमानाची उष्मीय ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा साधारण चाळिसावा भाग. हे चार आकडे तोंडपाठ असले की 10 च्या उणे चौतिसाव्या घातांशी झटापट संपते आणि उत्तर पटण्याजोगं आहे का ते नजरेला कळू लागतं. 400 नॅनोमीटरचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण? 1240 भागिले 400, म्हणजे 3.1. सोडियममधून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे 2.3 लागतात, तेव्हा बाहेर पडणाऱ्याकडे जास्तीत जास्त 0.8 उरले. झालं.

पण हाच 1240 पुढे गळफास होतो. तपासलेल्या उत्तरपत्रिकांत मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक ही: 54 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी काढा, तर मुलं 1240 ला 54 ने भागून 23 नॅनोमीटर लिहितात. ते सूत्र फोटॉनचं आहे, ज्याला वस्तुमान नाही. इलेक्ट्रॉनसाठी आधी संवेग काढायचा. 511000 आणि 54 यांच्या गुणाकाराच्या दुपटीचं वर्गमूळ घे, ते सुमारे 7430 येतं; त्याने 1240 ला भाग. उत्तर 0.167 नॅनोमीटर. शंभरपटीहून जास्त फरक! आणि 54 हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. डेव्हिसन आणि जर्मर यांनी 1927 साली निकेलच्या स्फटिकावरून इलेक्ट्रॉन उडवले तेव्हा 54 व्होल्टला 50 अंशांवर ठळक शिखर मिळालं, आणि त्यावरून तरंगलांबी 0.165 आली. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे त्या दोन आकड्यांच्या जवळिकीत आहे. 23 लिहिणाऱ्याने तो शोधच हातचा घालवला.

मधल्या ऐतिहासिक प्रकरणांबद्दल माझं मत थोडं उद्धट आहे. कृष्णवस्तूच्या प्रारणाने बहुतेक कोर्स सुरू होतात, कारण प्लँकचं 1900 सालचं काम तिथलं आहे. पण त्या सूत्राची पूर्ण सिद्धता समजायला सांख्यिकी भौतिकी लागते, जी तुझी अजून झालेली नाही. ऊर्जा ठरावीक तुकड्यांतच घेतली-दिली जाते हे गृहीत धरल्यावर उच्च वारंवारितेची कंपनं का थंडावतात, एवढं समजून घे आणि पुढे जा. तिथे चार दिवस घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. ती हुशार असतात आणि तिसऱ्या आठवड्यात मागे पडतात.

बोरचं 1913 सालचं प्रारूप, इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांत फिरतो असं मानणारं, शिक, त्यातून वर्णपटाच्या रेषा काढ, आणि मग ते चित्र मनातून पुसून टाक. हे पुसणं गंभीरपणे घे. बोरच्या मते हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनला एक एकक कोनीय संवेग असतो; खरं उत्तर शून्य आहे. ऊर्जा बरोबर आणि चित्र चूक, असा हा प्रकार आहे. पुढच्या सत्रात क्वांटम शिकवणाऱ्याला पहिले दोन आठवडे याच कक्षा पुसण्यात घालवावे लागतात.

प्रकाशविद्युत परिणामावर, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्यावर, मात्र थांब. तो सोपा वाटतो आणि म्हणूनच परीक्षेत फसवतो. प्रकाशाची तीव्रता वाढवली की इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, त्यांची कमाल ऊर्जा नाही. हे सगळ्यांना येतं. आता हे सांग: तीव्रता तीच ठेवली आणि वारंवारिता वाढवली, तर प्रवाहाचं काय होईल? प्रत्येक फोटॉन महाग झाला, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत फोटॉन कमी आले. मग प्रवाह सहसा घटायला हवा, जरी एकेक इलेक्ट्रॉन जास्त जोरात बाहेर पडला तरी. हा प्रश्न मी तोंडी विचारते आणि उत्तराआधीच्या शांततेवरून मला कळतं कोणी पाठ केलं आहे. मिलिकन यांचा आइनस्टाइनच्या 1905 च्या फोटॉनवर विश्वासच नव्हता. त्यांनी अनेक वर्षं चिकाटीने मोजमापं केली आणि 1916 साली ते समीकरण बरोबर असल्याचं दाखवून बसले. तुझा विश्वास बसत नसेल तर तू चांगल्या संगतीत आहेस.

कोर्सच्या उत्तरार्धात श्रोडिंगर समीकरण येतं. इथे सूत्रांआधी चित्रं काढायला शिक. विभव दिलं की तरंगफलन (कण कुठे सापडण्याची शक्यता किती ते सांगणारी लाट) हाताने रेखाटता यायला हवं: गतिज ऊर्जा जास्त तिथे लाटा दाट, ऊर्जा विभवापेक्षा कमी तिथे वाक अक्षापासून दूर आणि हळूहळू विरत जाणारा, आणि प्रत्येक वरच्या अवस्थेत एक गाठ जास्त. एक नॅनोमीटर रुंदीच्या पेटीत इलेक्ट्रॉनची किमान ऊर्जा 0.376 इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. हे तुझ्या त्या चार आकड्यांपैकी दोन वापरून अर्ध्या मिनिटात काढता येतं का ते बघ. पेटी निम्मी केली की ऊर्जा चौपट. अणू एवढेच का असतात, याचा पहिला सुगावा तिथे लागतो.

बोगदा-परिणाम (ऊर्जा पुरत नसतानाही कण अडथळ्यापलीकडे निघतो तो) शिकताना घातांकी फलन किती निर्दय असतं हे जाणवायला हवं. थोरियम-232 मधून बाहेर पडणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे 4 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि त्याचं अर्धायुष्य 14 अब्ज वर्षं. पोलोनियम-212 चा अल्फा कण 8.8 चा, आणि अर्धायुष्य 0.3 मायक्रोसेकंद. ऊर्जा जेमतेम दुप्पट आणि आयुष्यात 10 च्या 24 व्या घाताचा फरक! गॅमॉव्ह यांनी 1928 साली याचं कारण दिलं ते याच समीकरणातून. हे उदाहरण तुमच्या कोर्समध्ये नसलं तरी एक संध्याकाळ त्याला दे.

घन पदार्थ, अणुकेंद्र, मूलकण ही शेवटची प्रकरणं उन्हाळ्यात वाऱ्याच्या वेगाने जातात. जाऊ देत. पुढच्या सत्राला त्यांची गरज नाही.

आता प्रयोगशाळा. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि प्रकाशविद्युत परिणामाचं त्यांचं सिम्युलेशन खरोखर चांगलं आहे. त्यात एक धातू नुसत्या प्रश्नचिन्हांनी दाखवलेला आहे. चार-पाच तरंगलांब्यांना प्रवाह थांबवणारं विभवांतर नोंदव, आलेख काढ आणि तो धातू कोणता असेल ते ठरव. पण सिम्युलेशनमध्ये काही फुटत नाही, हाच त्याचा दोष. डेव्हिसन यांच्या प्रयोगशाळेत 1925 साली द्रवरूप हवेची बाटली फुटली, निर्वात नळी तडकली, तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढलं. ते काढायला निकेल खूप तापवलं आणि त्यात बारीक स्फटिकांचे मोठे स्फटिक झाले. त्यानंतरच इलेक्ट्रॉन वेगळे वागू लागले. पडद्यावरच्या निकेलला असा अपघात होत नाही.

म्हणून निदान दोन प्रयोग घरी हाताने कर. पहिला: लाल, पिवळा, हिरवा आणि निळा एलईडी, एक रोधक, एक बदलता रोधक, बॅटरी आणि मल्टिमीटर. अंधारात एलईडी जेमतेम उजळू लागतो ते विभवांतर नोंदव आणि वारंवारितेविरुद्ध आलेख काढ. उतारावरून प्लँकचा स्थिरांक मिळतो. एकाच एलईडीवरून काढू नकोस. डायोडमध्ये बाकीही भानगडी असतात आणि उतार घेतला की त्यातल्या बऱ्याच वजा होतात. आणि पांढरा एलईडी घेऊ नकोस, तो आतून निळाच असतो, वर चकाकणारा लेप असतो. दुसरा: जुन्या सीडीवरून लेझर पॉइंटरचं विवर्तन. सीडीवरच्या रेषांमधलं अंतर 1.6 मायक्रोमीटर, लाल लेझर 650 नॅनोमीटरचा असेल तर पहिला ठिपका 24 अंशांच्या आसपास सापडायला हवा. परावर्तित किरण कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही याची मात्र काळजी घे. दोन्ही मोजमापांत तुझं उत्तर चुकेल, आणि किती व का चुकलं ते लिहिताना जे शिकशील ते कुठल्याही व्हिडिओत नाही.

ऑनलाइनच्या सवयींबद्दल थोडंच, कारण तुला माहीतच असेल. व्याख्यान दुप्पट वेगाने बघणं या विषयात निव्वळ फसवणूक आहे. पहिल्या ऑनलाइन तुकडीला मी पन्नास-पन्नास मिनिटांची व्याख्यानं ध्वनिमुद्रित करून दिली होती आणि स्वतःवर खूश होते. पहिल्या चाचणीत निकाल बघून मी हादरले. सगळ्यांनी सगळं बघितलं होतं! तेव्हापासून व्याख्यानं दहा-बारा मिनिटांची करते, प्रत्येकाच्या शेवटी एक गणित, आणि ते कागदावर सोडवून त्याचा फोटो पाठवायचा. तुझ्या कोर्समध्ये अशी सक्ती नसेल तर ती स्वतःवर लाद. सोडवलेली उत्तरं वाचणं किंवा चॅटबॉटला विचारणं याला माझा विरोध नाही; पण अर्धा तास स्वतः अडकल्यावर, आणि वाचून झाल्यावर ते मिटून पुन्हा कोऱ्या कागदावर. चॅटबॉट चौकटींची गल्लत करतात तेव्हा ती पकडता आली तर तुला सापेक्षता आली असं समज. आणि 17 तास शनिवार-रविवारवर ढकलू नकोस. रोज जवळजवळ तीन तास आणि एक दिवस सुट्टी. मुरण्यासाठी मधल्या रात्री हव्यात, हे वर सांगितलंच.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचार. तुझ्या संस्थेत हे श्रेयांक मान्य होतील का, प्रयोगाच्या भागासकट, आणि हे लेखी घे. तोंडी "हो, होतं तसं" यावर जाऊन पस्तावलेले पुष्कळ आहेत. आठवड्यातून एकदा तरी शिक्षकांशी प्रत्यक्ष बोलत गणितं सोडवण्याचा तास आहे का. आणि परीक्षा कॅमेऱ्यासमोर ठरलेल्या वेळी आहे की नाही, कारण तो वेळ तुझ्या नोकरीशी जुळायला हवा.

राहता राहिलं एक: मध्येच कळलं की झेपत नाही, तर? बहुतेक ठिकाणी नाव काढून घेण्याची शेवटची तारीख असते, ती पहिल्याच दिवशी लिहून ठेव. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, पुस्तक मिटून, ही दोन गणितं सोडव. एक: फलाटावर 300 मीटर अंतरावर दोन विजा एकाच वेळी पडल्या, 0.6 प्रकाशवेगाने जाणाऱ्या गाडीतल्या माणसासाठी आधी कोणती आणि किती आधी? दोन: इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा 511 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, वेग किती? पहिल्याचं उत्तर, गाडीच्या दिशेला पुढे असलेली वीज 0.75 मायक्रोसेकंद आधी. दुसऱ्याचं, प्रकाशवेगाच्या 0.866 पट. 1.41 पट आलं तर तू अजून जुनंच सूत्र वापरते आहेस असं तुझ्यातल्या मागच्या बाकावरच्या मुलीला सांग. दोन्ही अर्ध्या तासात सुटली तर चालू ठेव. नाही सुटली तर त्या तारखेआधी नाव काढ आणि पुढच्या सत्रात वर्गात बसून कर. क्वांटम मग एक सत्र पुढे जाईल. माझंही गेलं होतं.